कर्बवायूचा ताळेबंद : मालमोटार आणि मोटारगाडी

१. दोन रास्त तक्रारी

घाटाच्या चढावर पहिल्या गिअरात रखडत चाललेल्या दहाचाकी मालमोटारीच्या मागे ज्याची छोटी मोटार पावपाऊण तास अडकून पडलेली असते, आणि त्या मालमोटारीच्या नळकांड्यातून निघणारा काळा लोट ज्याला नाइलाजाने काचा वर करून पाहावा लागतो, त्या गृहस्थाच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. हवामानाचा एवढा बिघाड ही अवजड वाहने उघडउघड करीत असताना, आठवड्यातून चार वेळा कचेरीस जाणाऱ्या आपल्या मोटारीला लोक बोल का लावतात, असे तो विचारतो. आणि त्याचे विचारणे गैर नाही. परंतु त्याच मालमोटारीच्या मालकाचीही एक फिर्याद आहे. देशाचे धान्य, सिमेंट, औषधे आणि कांदे आम्ही वाहतो, आमच्या गाडीत एक इंचही जागा मोकळी राहिली तर आमचा तोटा होतो. मग पाच आसनांच्या गाडीत एकच मनुष्य बसून जातो, त्याला कोणी जाब का विचारीत नाही, असे त्याचे म्हणणे असते.

दोन्ही तक्रारी रास्त आहेत, आणि दोहोंना पुष्टी देणारे आकडेही आहेत. कोणी वाहनामागे मोजतो, कोणी वाहून नेलेल्या टनामागे मोजतो, कोणी साऱ्या देशाची बेरीज मांडतो. आणि ह्या तीन हिशेबांची उत्तरे तीन निराळी येतात. ती तशी का येतात हे एकदा नीट उमगले, म्हणजे कोणत्या वाहनावर कोणता उपाय लागू पडेल हेही बरेचसे आपोआप स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत प्रकरणात हे तिन्ही हिशेब क्रमाने मांडावयाचे आहेत.

२. धूर निराळा, कर्बवायू निराळा

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोळ्यांना जो काळा धूर दिसतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी होय. हवामान तापविण्यास मुख्यत्वे कारण होणारा जो कार्बन डायऑक्साइड, ज्याला ह्या प्रकरणात आपण कर्बवायू म्हणू, त्याला रंगही नाही आणि वासही नाही. काजळीचा उपद्रव रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांना तत्काळ होतो आणि पाऊसवाऱ्याने ती थोड्या दिवसांत खाली बसते. कर्बवायू मात्र पृथ्वीच्या साऱ्या वातावरणात मिसळून जातो, आणि त्याचा बराचसा भाग शतकानुशतके तेथेच राहतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. त्यामुळे मालमोटारींना काजळी अडविणाऱ्या गाळण्या आल्या, आणि ज्याला चालक मंडळी नुसते ‘युरिया’ म्हणतात तो द्रव डिझेलच्या जोडीने वेगळ्या टाकीत भरावा लागू लागला. ह्या सुधारणेचे मोल मोठे आहे, कारण तिने विषारी वायू आणि काजळी दोन्ही पुष्कळ कमी केली. तथापि नव्या कोऱ्या, धूर न दिसणाऱ्या मालमोटारीतही एक लिटर डिझेल जळले की कर्बवायू जुन्या खटाऱ्याइतकाच निघतो. ह्या बाबतीत डोळ्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

३. एका लिटरचा हिशेब

मग साक्ष कोणाची घ्यावयाची? इंधनाच्या टाकीची. पेट्रोल आणि डिझेल ह्यांचा मोठा अंश कार्बन ह्या मूलद्रव्याचा असतो. जळताना कार्बनचा एक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. कार्बनच्या अणूचे वजन १२ धरले तर ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूचे १६ भरते, म्हणून १२ भाग कार्बनापासून ४४ भाग कर्बवायू तयार होतो. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३५ ग्रॅम असते, आणि त्यात साधारण ७२० ग्रॅम कार्बन असतो. ७२० ला १२ ने भागून ४४ ने गुणले असता २,६४० ग्रॅम येतात. म्हणजे ठोकळ मानाने एक लिटर डिझेलमागे २.६ किलो कर्बवायू. पेट्रोल काहीसे हलके असल्यामुळे त्याच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो निघतो. इंधनापेक्षा त्यातून निघणारा वायू तिप्पट भारी कसा, अशी शंका वाचकाला येईल; ते जादा वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे आहे.

ह्यातून एक अत्यंत सोयीची गोष्ट निष्पन्न होते. वाहनाने किती कर्बवायू सोडला हे जाणण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. ज्याला सारेजण ‘अॅव्हरेज’ म्हणतात तो एका लिटरमागे किती किलोमीटर हा आकडा ठाऊक असला की पुरे. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची मोटार एका किलोमीटरला २,३०० भागिले १५, म्हणजे सुमारे १५३ ग्रॅम कर्बवायू सोडते. माल भरलेली दहाचाकी गाडी लिटरला ४ किलोमीटर गेली, तर तिचा आकडा ६५० ग्रॅम होतो. रस्त्यावर शेजारीशेजारी धावताना एक मालमोटार सुमारे सव्वाचार मोटारींइतकी भरते.

येथवर मोटारवाल्या गृहस्थाची बाजू वरचढ आहे. वर्षाचा हिशेब केला तर ती आणखी वरचढ होते, कारण घरची मोटार वर्षाकाठी दहा हजार किलोमीटर चालली तर लांब पल्ल्याची मालमोटार सहज ऐंशी हजार चालते. भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्या सारख्या धरून मालमोटारीची सरासरी किलोमीटरला ५६० ग्रॅम मानली, तरी तिचा वर्षाचा कर्बवायू ४५ टनांच्या घरात जातो. मोटारीचा दीड टनाच्या जवळपास राहतो. एक मालमोटार म्हणजे तीस मोटारी, असा हा पहिला हिशेब.

४. भागाकार कशाने करावा?

लग्नघरी पंगतीसाठी पेटविलेली भट्टी आणि एकट्या माणसाच्या जेवणासाठी पेटविलेली चूल ह्यांत लाकडे कोणाला अधिक लागली हे विचारले, तर उत्तर उघड आहे. परंतु जाणता आचारी लाकडांचा हिशेब भट्टीमागे करीत नाही, तो पानामागे करतो, आणि पानामागे पाहू गेल्यास भट्टीच काटकसरीची ठरते. वाहनांचेही नेमके असेच आहे. मालमोटारीचे पान म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेणे. मोटारीचे पान म्हणजे एक मनुष्य एक किलोमीटर नेणे. वाहतुकीचे अभ्यासक ह्यांना टन-किलोमीटर आणि प्रवासी-किलोमीटर म्हणतात.

लासलगावच्या बाजारातून १८ टन कांदा गोण्यांत भरून दहाचाकी गाडी वाशीच्या घाऊक बाजारात जाते असे समजू. अंतर सुमारे २२० किलोमीटर. लिटरला ४ किलोमीटर ह्या मानाने ५५ लिटर डिझेल, आणि त्यातून १४३ किलो कर्बवायू. परतताना गाडी रिकामी आली आणि लिटरला साडेपाच किलोमीटर गेली असे धरले, तर आणखी ४० लिटर आणि १०४ किलो. एकूण २४७ किलो. आकडा भयंकर वाटतो. पण तो १८,००० किलो कांद्यांवर वाटून टाकला म्हणजे एका किलोच्या वाट्याला जेमतेम १४ ग्रॅम येतात, आणि तेही रिकाम्या परतीच्या फेरीचा बोजा त्याच कांद्याच्या माथी मारून.

आता तोच कांदा आणावयास कोणी गृहस्थ दोन किलोमीटरवरील मंडईत मोटारीने गेला आणि दोन किलो घेऊन परत आला. चार किलोमीटरचे ६१२ ग्रॅम झाले, म्हणजे किलोमागे ३०६ ग्रॅम. दोनशेवीस किलोमीटरच्या जाण्यायेण्यात कांद्याच्या नावे जेवढा कर्बवायू पडला, त्याच्या वीसपटींहून अधिक ह्या शेवटच्या चार किलोमीटरांत पडला. आणि थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरांत अधिक इंधन पिते हे तर आपण ह्यात धरलेलेही नाही. मालवाहतुकीवर बोलताना हा हिशेब मी प्रथम मांडतो, कारण अंतर लांब म्हणजे दोष मोठा ही समजूत त्याने जितकी लवकर सुटते तितकी दुसऱ्या कशाने सुटत नाही.

टन-किलोमीटरच्या भाषेत सांगावयाचे तर भरलेली दहाचाकी गाडी ३६ ग्रॅमांत एक टन माल एक किलोमीटर नेते; रिकामी परत धरली तर ६२ ग्रॅमांत. ज्या छोट्या गाडीला बाजारात सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, ती लिटरला वीस किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला केवळ १३० ग्रॅम सोडते. पण पाऊण टनच माल नेत असल्यामुळे तिचा टन-किलोमीटरचा आकडा १७३ ग्रॅम होतो. मोठी गाडी वाहनामागे पाहिली तर उधळी आणि टनामागे पाहिली तर काटकसरी. छोटीचे ह्याच्या उलट. ह्याचा अर्थ छोट्या गाड्या निरुपयोगी असा मात्र कोणी घेऊ नये. गल्लीबोळांत दहाचाकी शिरत नाही, आणि अर्धा टन मालासाठी ती पाठविणे ही त्याहून मोठी उधळपट्टी होईल.

मोटारीला हाच न्याय लावू. एकच मनुष्य असता प्रवासी-किलोमीटरमागे १५३ ग्रॅम, चौघे असता ३८. इंजिन तेच, रस्ता तोच, इंधनही जवळजवळ तेवढेच. फरक पडला तो भरलेल्या आसनांचा. मालमोटारीच्या मालकाची फिर्याद ह्या दुसऱ्या हिशेबात खरी ठरते.

५. घाटाची किंमत

वाहनाला इंधन नेमके कशासाठी लागते, हे समजल्याशिवाय वरील आकड्यांचे कारण कळत नाही. तीन मागण्या मुख्य आहेत. टायर रस्त्यावर दबतात आणि पुन्हा फुगतात, त्यात जो घर्षणाचा खर्च होतो तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. समोरची हवा बाजूस सारावी लागते. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. तिसरी मागणी चढाची, आणि आपल्या सह्याद्रीच्या मुलुखात तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

खोपोलीहून लोणावळ्यास येताना गाडी सुमारे ५५० मीटर उंच चढते. २८ टन वजनाची भरलेली मालमोटार तेवढी उचलण्यास सुमारे १५ कोटी ज्यूल एवढी ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये ३.६ कोटी ज्यूल असतात. परंतु उत्तम डिझेल इंजिनसुद्धा त्यातील शंभरापैकी चाळीसच भाग चाकापर्यंत पोचविते, बाकीचे उष्णतेच्या रूपाने वाया जातात. म्हणजे हाती आले १.४४ कोटी. भागाकार केला की साडेदहा लिटर डिझेल आणि २७ किलो कर्बवायू, हे केवळ चढाचे. टायर आणि हवा ह्यांची वसुली त्याहून निराळी. १,२०० किलोच्या मोटारीला तोच घाट पाऊण लिटरहून थोड्या अधिक पेट्रोलात चढता येतो.

उतारावर ह्या साठविलेल्या ऊर्जेचा बराच भाग ब्रेकच्या उष्णतेत जातो. ब्रेक तापल्याचा वास घाटाच्या पायथ्याशी येतो, तो वर चढताना जाळलेल्या डिझेलचाच शेवटचा अंश म्हणावयास हरकत नाही. लासलगावच्या कांद्याची गाडी थळ घाट भरलेली उतरते आणि रिकामी चढते, ही तिच्या मालकाला निसर्गाने दिलेली सूट होय. न्हावा शेवा बंदरातून यंत्रसामग्री घेऊन पुण्याकडे निघणाऱ्याच्या नशिबी ती नाही.

येथेच डिझेल इंजिनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे जे यंत्र यशस्वी करून दाखविले, त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आणली, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा अचाट होता. आज मालमोटारीत तो चाळिशीपार गेला आहे. गावातल्या गर्दीत थांबत थांबत जाणारी पेट्रोलची मोटार मात्र वीस टक्क्यांपर्यंतही कित्येकदा पोचत नाही. मालमोटारीचे इंजिन आधीच काटकसरी आहे, आणि म्हणूनच तिच्यात केवळ इंजिन सुधारून फार मोठी बचत साधणे अवघड आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

६. देशाची बेरीज

आता तिसरा हिशेब. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या आकड्यांवरून पाहता साऱ्या जगातील वाहतुकीच्या कर्बवायूपैकी सुमारे ४५ टक्के रस्त्यावरील प्रवासी वाहनांचा आणि सुमारे २९ टक्के रस्त्यावरील मालवाहतुकीचा होता. अमेरिकेत तर मोटारी आणि तत्सम हलकी वाहने वाहतुकीच्या हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून अधिक भाग उचलतात, आणि मध्यम व अवजड मालमोटारी जवळजवळ पाव भाग. युरोपीय संघातही रस्त्यावरील वायूंचा पाव भागाहून थोडा अधिक अवजड वाहनांचा, आणि मोटारींचा सुमारे साठ टक्के. एकेक मोटार मालमोटारीच्या तिसाव्या हिश्शाची असूनही, संख्येच्या बळावर तेथे मोटारींचीच बेरीज मोठी होते.

भारतात तराजूचा काटा निराळा झुकतो. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे आपल्या एकंदर वाहनांत मालमोटारी अवघ्या ३ टक्के आहेत. तथापि वाहतुकीच्या कर्बवायूपैकी एक-तृतीयांशाहून अधिक वाटा रस्त्यावरील मालवाहतुकीचा आहे, आणि वाहनांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी ५३ टक्के ह्याच तीन टक्के वाहनांतून येतात. कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. आपल्याकडे दर हजार माणसांमागे मोटारी तिसाच्या आसपास आहेत, तर अमेरिकेत मोटारवाहनांची संख्या हजारी आठशेच्या वर. आपली बहुतेक खाजगी वाहने दुचाकी आहेत, आणि दुचाकीचा कर्बवायू थोडा. उलट देशात वर्षाला सुमारे ४.६ अब्ज टन माल हलतो आणि त्यातील सुमारे ७० टक्के रस्त्याने जातो. अमेरिकेत जळणाऱ्या इंधनात पेट्रोलचा वरचष्मा आहे, आपल्याकडे डिझेलचा. डिझेल नांगरटीलाही लागते आणि बसनाही, हे खरे. तरीसुद्धा देशाच्या इंधनाच्या जमाखर्चात मालमोटार केवढी जागा अडविते हे ह्यावरून उमगावे.

म्हणून पाश्चात्त्य देशांतील चर्चा जशीच्या तशी येथे आणून मोटारवाल्यालाच सारे उपदेश ऐकविणे मला योग्य वाटत नाही. मोटारीची संख्या वाढत आहे आणि तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. परंतु आजच्या घडीला अधिक वायू ज्या थोड्या वाहनांत एकवटला आहे, तेथे दहा टक्के बचत साधली तरी तिचे फळ लाखो मोटारींत साधलेल्या बचतीच्या तोडीचे होते.

७. किलोमीटर न मोजणारी यंत्रे

रस्त्याच्या कामावर आणि खाणीत चालणारी वाहने ह्या बेरजेत बहुधा येतच नाहीत. माती उपसणाऱ्या जेसीबीचे भाडे तासावर ठरते, आणि तिचे डिझेलही तासावर मोजतात. ताशी पाच लिटर धरले तर १३ किलो कर्बवायू. दिवसाचे आठ तास चालली तर शंभर किलोंहून अधिक, म्हणजे मोटारीचा जवळजवळ पावणेसातशे किलोमीटरांचा प्रवास, आणि तोही एकाच खड्ड्याभोवती. अशा यंत्राचे पान म्हणजे उपसलेल्या मातीचा एक घनमीटर होय.

८. खाली गाडी

मालमोटारीच्या बाबतीत सर्वांत मोठी गळती इंजिनात नसून फेरीच्या आखणीत आहे. कांद्याच्या उदाहरणात परतीच्या रिकाम्या फेरीने टन-किलोमीटरचा आकडा ३६ वरून ६२ वर नेला, हे आपण पाहिले. परतीचे भाडे मिळाले असते, वाशीहून खत किंवा किराणा घेऊन गाडी नाशिककडे निघाली असती, तर नवे यंत्र न घेता, नवा रस्ता न बांधता हा आकडा निम्म्याजवळ उतरला असता. परंतु आपल्या बहुतेक मालमोटारी अशा मालकांच्या आहेत ज्यांच्यापाशी एक, दोन किंवा फार तर पाच गाड्या असतात. परक्या गावी माल कोठे उभा आहे हे त्यांना दलालामार्फतच कळते, आणि दलालाच्या अड्ड्यावर दोनदोन दिवस तिष्ठण्यापेक्षा खाली गाडी आणलेली परवडते असे त्यांना वाटते. हा त्यांचा दोष नव्हे. माहितीच्या अभावाची ती किंमत आहे. मोबाइलवरून भाडे ठरविण्याची सोय आता पसरत आहे, तिचे मोल मला कोणत्याही नव्या इंजिनापेक्षा कमी वाटत नाही.

खोळंब्याचेही तसेच. उभ्या गाडीचे इंजिन चालू राहिले तर तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल काहीएक माल न हलविता जळते. मुंबईच्या वेशीवर जकातनाक्यांपुढे लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा १ जुलै २०१७ रोजी जकातीबरोबर संपल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाल्यावर पथकराचाही खोळंबा पुष्कळ उणा झाला. हे दोन्ही निर्णय महसुलाच्या आणि व्यापाराच्या सोयीसाठी घेतले गेले होते. हवामानाचा विचार त्यांत दुय्यम असेल, पण कर्बवायू मात्र खरोखर घटला.

येथे एका नाजूक मुद्द्याला हात घातला पाहिजे. टनामागचा आकडा कमी करावयाचा तर गाडीत अधिक माल भरावा, असे कोणी म्हणेल. आणि २०१८ साली सरकारने मालमोटारींच्या आसांवरील वजनाची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढविली तेव्हा हा लाभ कायदेशीररीत्या पदरात पडलाही. परंतु त्या मर्यादेपलीकडचे ओव्हरलोड ही काटकसर नव्हे. रस्ता फुटतो, टायर फुटतात, ब्रेक निकामी होतात, आणि चालकाच्या जिवाशी खेळ होतो. ह्या नुकसानीपुढे वाचलेल्या डिझेलची मातब्बरी नाही.

९. कायद्याचे माप

मोटारींच्या कारखानदारांवर आपल्याकडे २०१७-१८ पासून कर्बवायूची मर्यादा आहे. कारखान्याने विकलेल्या साऱ्या मोटारींची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमांच्या आत असावी असा पहिला दंडक होता, आणि २०२२-२३ पासून तो ११३ ग्रॅमांवर आला. पेट्रोलच्या हिशेबात ११३ ग्रॅम म्हणजे लिटरला वीस किलोमीटरांहून किंचित अधिक. हे आकडे चाचणीतले आहेत, रहदारीत ते टिकत नाहीत. तथापि दिशा योग्य आहे.

अवजड वाहनांसाठी, म्हणजे १२ टनांवरील डिझेल गाड्यांसाठी, इंधनाचे निकष २०१७ च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाले. त्यांची कसोटी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगाने गाडी चालवून घेतली जाते. स्थिर वेगाच्या कसोटीला घाट ठाऊक नसतो, रहदारी ठाऊक नसते, आणि खाली गाडीही ठाऊक नसते. म्हणून ती पास होणे म्हणजे रस्त्यावर बचत होणे असे गृहीत धरता येत नाही. युरोपीय संघाने मात्र २०२४ साली नव्या अवजड वाहनांचा कर्बवायू २०१९ च्या मानाने २०३० पर्यंत ४५ टक्के आणि २०४० पर्यंत ९० टक्के घटविण्याचे बंधन घातले. एवढी घट इंजिन घासूनपुसून साधणारी नव्हे. तिला इंधनच बदलावे लागते.

१०. रूळ आणि वीज

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा त्याला होणारे घर्षण रबरी टायरच्या घर्षणाच्या अल्पांशाने असते, आणि म्हणून तोच टन आगगाडीने नेला तर कर्बवायू कित्येक पटींनी कमी लागतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील चार-पंचमांशाहून अधिक माल रेल्वेने जात असे. तो वाटा आता तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आला आहे. न्हावा शेव्याला दिल्लीजवळच्या दादरीशी जोडणारा १,५०६ किलोमीटरांचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग हा वाटा परत मिळविण्यासाठीच आखला गेला.

त्याहून साधी आणि मला विशेष प्रिय असलेली तजवीज कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत सुरू केली. कोलाड येथे भरलेल्या मालमोटारी चालकांसकट सपाट वाघिणींवर चढवून त्या चारशेहून अधिक किलोमीटर दूर गोव्यातील वेर्ण्यास नेल्या जातात. कशेडीचा आणि परशुरामाचा घाट इंजिन बंद ठेवून ओलांडला जातो, टायर झिजत नाहीत, चालकाला विश्रांती मिळते; आणि माल शेवटी दारापर्यंत नेण्याचे जे काम रेल्वेला जमत नाही, ते उतरल्यावर मालमोटारच करते. २०२२ साली ह्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून तर वाटेत डिझेलची गरजच उरली नाही.

वीज म्हटली की विजेच्या मालमोटारीचा प्रश्न येतो, आणि येथे उत्साहापेक्षा हिशेबाला महत्त्व दिले पाहिजे. आपली वीज मुख्यतः कोळशाची असल्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू पडतो. विजेच्या छोट्या मोटारीला किलोमीटरला ०.१७ युनिट लागले तर सुमारे १२० ग्रॅम होतात, पेट्रोलच्या १५३ पेक्षा स्पष्टच कमी. २८ टनांच्या मालमोटारीला किलोमीटरला एक युनिट लागले तर ७०० ग्रॅम होतात. डिझेलचे ६५० आपण पाहिलेच, आणि तेल उपसून शुद्ध करण्यात जाणारा सुमारे पंचमांश त्यात मिळविला म्हणजे ७८०. बचत आहे, पण आज ती थोडी आहे. सौर आणि पवन विजेचा वाटा जसजसा वाढेल तसतशी ती, गाडी न बदलता, वाढत जाईल. शिवाय घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेत जाणारी जी ऊर्जा डिझेलच्या गाडीला कायमची गमवावी लागते, तिचा बराच भाग विजेची गाडी बॅटरीत परत भरून घेते.

अडचण वजनाची आहे. तीनशे किलोमीटरांसाठी डिझेलच्या गाडीला ७५ लिटर, म्हणजे ६३ किलो इंधन पुरते. विजेच्या गाडीला तीनशे युनिटांची बॅटरी लागते आणि तिचे वजन दोन टनांच्या घरात जाते. तेवढा माल गाडीत कमी बसला, की टनामागचा आकडा पुन्हा चढतो. म्हणून लांब पल्ल्यावर ह्या गाड्या घाईने लोटण्याऐवजी प्रारंभ आखूड, ठरलेल्या वाटांपासून व्हावा असे माझे मत आहे. न्हावा शेवा बंदर आणि भोवतालची कंटेनरांची आवारे ह्यांच्यामधील फेऱ्या ह्याचे उत्तम उदाहरण होत. अंतर थोडे, वाट रोजची, गाडी त्याच आवारात परत येणारी आणि माल उतरेपर्यंत भर दुपारी, म्हणजे सौर विजेच्या वेळी, बॅटरी भरून घेता येणारी. तेथे दीडशे युनिटांची, टनभर वजनाची बॅटरी पुरते, आणि मालातील घटही त्या मानाने निम्मीच राहते.